अज्ञात नव्हे, अज्ञातवासी
(दहावीच्या १९७६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटे दिली आहेत आणि विषय दिलाय ‘ग्रंथालयातले माझे दिवस’. तेहतीस वर्षे पुण्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काढली, त्यातली बावीस संदर्भ विभागात. त्या दिवसांबद्दल पंधरा मिनिटे बोलायचे म्हणजे चौदा मिनिटे धुळीवर बोलावे लागेल. म्हणून मी विषय थोडा वाकवतो. संदर्भग्रंथांतून उत्तर कसे शोधतात ते सांगतो, आणि ते सांगता सांगता आपल्या वर्गातले एक जुने येणे आज चुकते करतो. येणे माझ्याकडून आहे. ते ज्या व्यक्तीचे आहे ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिची परवानगी मी घेतली आहे. नाव घेऊ नकोस म्हणाली, तेव्हा घेत नाही. तुम्हाला कळायचे ते कळेलच.

आपल्या व्हॉट्सअॅपच्या गटावर मला ‘पुरावा काय’ म्हणतात हे मला माहीत आहे. रोज सकाळी सहाला कुणीतरी एक कविता टाकतो, खाली ‘कुसुमाग्रज’ लिहिलेले असते, आणि साडेसहाला माझा प्रश्न येतो की ही कुठल्या संग्रहात आहे? पुलंच्या नावावर तर इतके काही फिरते की ते सगळे लिहायला त्यांना आणखी एक जन्म घ्यावा लागला असता. माझ्या प्रश्नाचा काही जणांना राग येतो. एकाने तर विचारले, ‘अरे, कविता चांगली आहे ना, मग कुणाची का असेना?’ मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. आजचे भाषण हे त्याचे उत्तर समजा.

नववीचे वर्ष आठवा. १९७४. वर्गाबाहेरच्या भिंतीवर आपले भित्तिपत्रक लागायचे आणि त्याचा संपादक मी होतो. संपादक म्हणजे काय, अक्षर बरे होते आणि तोंड मोठे होते. दर पंधरवड्याला मुलामुलींनी आणलेले कागद मी तपासायचो, लाल शाईने दुरुस्त करायचो आणि डकवायचो. एकदा एका मुलीने एक कविता आणली. तिच्या आईने आपल्या शाळेच्या दिवसांत एका वहीत कविता उतरवून ठेवल्या होत्या, त्यातली ती होती. आई सातवी फायनल झालेली. वहीचे शेवटचे पान फाटलेले होते, म्हणून कवितेची तीनच कडवी होती. मुलीने ती सुवाच्य अक्षरात लिहून आणली आणि खाली लिहिले, ‘कवी : अज्ञातवासी’.

मी लाल पेन काढले, ‘वासी’ खोडले, आणि ‘कवी : अज्ञात’ असे करून कागद डकवला.

ती म्हणाली, ‘आई म्हणते ते नाव आहे.’ मी म्हणालो, ‘अज्ञात म्हणजे ठाऊक नसलेला. असलं नाव असतं का कुणाचं?’ आणि वर आणखी एक वाक्य बोललो, ते इथे सांगत नाही. तिच्या आईच्या शिक्षणाबद्दल होते. आजूबाजूचे हसले. तुमच्यापैकीही काही जण हसलात, पण हसवणारा मी होतो.

सर तिथून चालले होते. त्यांनी काय झाले ते विचारले, कागद वाचला आणि मला म्हणाले, ‘आधी बघ, मग खोड.’ एवढेच. सर, तुम्हाला आठवत नसेल. मला ते चार शब्द तेहतीस वर्षे टेबलावर ठेवून काम करावे लागले.

पण त्या वेळी मी बघितले नाही. आपल्या शाळेचे ग्रंथालय म्हणजे प्रयोगशाळेशेजारची ती अरुंद खोली. कोशांचे कपाट कुलपात, किल्ली ऑफिसात. किल्ली मागायला जायचे तर कारण सांगावे लागायचे, आणि आपण चुकलो असू ही शक्यता हे कारण मला सुचलेच नाही. दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली, टाचण्या काढल्या, कागद घडी करून दप्तरात ठेवला. नंतर दहावीपर्यंत तिने भित्तिपत्रकाला काही दिले नाही.

आता मधली बारा वर्षे सोडून देतो. १९८६ साली मी ग्रंथालयात नवा होतो. नव्या माणसाला जे काम देतात ते मला दिले होते. कार्डांच्या कपाटातला एक लाकडी खण कुणाच्या तरी हातून निसटून जमिनीवर पडला होता, दांडी निघाली होती आणि शेकडो कार्डे विखुरली होती. ती पुन्हा अकारविल्हे लावायची. तो खण टोपणनावांचा होता. आमच्या आधीच्या एका ग्रंथपालांनी स्वतःच्या हौसेने, स्वतःच्या अक्षरात केलेली ती कार्डे. एका ओळीत टोपणनाव, खाली ‘पाहा’ आणि त्याखाली खरे नाव.

मराठी साहित्यात ज्याला काही शोधायचे असेल त्याला टोपणनावांच्या या जंगलातून जावेच लागते. केशवसुत, गोविंदाग्रज, बालकवी, अनिल, गिरीश ही आपल्याला शाळेतच पाठ होतात. पण गडकरी कवितेत गोविंदाग्रज आणि विनोदात बाळकराम, म्हणजे एकच माणूस दोन कार्डांवर. ‘बी’ हे एक अक्षर, त्यामागे नारायण मुरलीधर गुप्ते, विदर्भात सरकारी नोकरीत आयुष्य काढलेले. आणि माझी आवडती जोडी, आनंदतनय आणि अनंततनय. एक जुना आख्यानकवी, दुसरे विसाव्या शतकातले दत्तात्रय अनंत आपटे. दोघांत एका कान्याचा, एका अक्षराचा आणि दोनेकशे वर्षांचा फरक. विद्यार्थी चिठ्ठीवर नावाची चूक करून आला की त्याच्या हातात भलत्याच शतकाचे पुस्तक पडायचे. त्याहून अवघड म्हणजे ‘नामा’. अभंगाच्या शेवटी ‘नामा म्हणे’ आले की आपण संत नामदेव म्हणून मोकळे होतो. पण विष्णुदास नामा नावाचा नंतरच्या काळातला आणखी एक कवी आहे आणि दोघांच्या रचना एकमेकींत मिसळल्या आहेत. तिथे एक कोश उघडून भागत नाही.

तर कार्डे लावत होतो. ‘अज’ने सुरू होणारी झाली, आणि हातात एक कार्ड आले ज्याची जागा मला कळेना. कारण ‘ज्ञ’. काही कोश क्ष आणि ज्ञ ही अक्षरे सगळ्यांच्या शेवटी ठेवतात, काही कोश क्ष ‘क’मध्ये आणि ज्ञ ‘ज’मध्ये जोडाक्षर म्हणून घेतात. कोश हातात घेतल्यावर ही गोष्ट आधी पाहायची असते. नाहीतर शब्द कोशात असतो आणि आपण ‘नाही’ म्हणून परत येतो. मी कार्ड वर धरून आमच्या ग्रंथपालांना विचारले, ‘सर, हे कुठे लावू?’ ते म्हणाले, ‘ज अधिक ञ. आपल्याकडे ‘ज’मध्येच.’ आणि मग मी पहिल्यांदा ते कार्ड नुसते पाहायचे सोडून वाचले.

अज्ञातवासी. पाहा : केळकर, दिनकर गंगाधर.

खोटे सांगत नाही, माझे कान तापले. जागेवरून उठून ‘के’चा खण उघडला. दिनकर गंगाधर केळकर. मग चरित्रकोशांच्या मांडणीपाशी गेलो, मग ग्रंथसूचीपाशी. आणि तेव्हा लक्षात आले की हे केळकर म्हणजे पुण्याच्या केळकर संग्रहालयाचे केळकर. अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावाने ज्यांनी ते संग्रहालय उभे केले ते. १९२० च्या सुमारापासून गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये, दरवाजे जमवणारे. त्यांनी तरुणपणी कविता लिहिली ती या नावाने.

आता पुढचे तुम्हीच आठवा. नववीची आपली सहल कुठे गेली होती? डिसेंबर १९७४. शनिवारवाडा, पर्वती, आणि बाजीराव रस्त्यावरचे केळकर संग्रहालय! मी तिथे अडकित्त्यांच्या कपाटापुढे उभा राहून विनोद केल्याचे मला आठवते. त्या कवीचे नाव खोडून मला चारच महिने झाले होते आणि मी त्याच्याच घरात उभा होतो. तीही आली होती सहलीला.

यापुढचा भाग सांगायला जास्त जड जातो. १९८६ मध्ये केळकर हयात होते. नव्वदीचे होते, पुण्यातच होते. मी सायकलवर वीस मिनिटांत जाऊन विचारू शकलो असतो की ही तीन कडवी आपली का, आणि पुढची कोणती. मी गेलो नाही. कामाच्या रगाड्यात राहून गेले असे मी बरीच वर्षे स्वतःला सांगत होतो. ते १९९० मध्ये गेले. आणि तिला कळवायचे म्हटले तर तिचे लग्न होऊन ती कर्नाटकात गेली होती. पत्ता नव्हता. पण पत्ता शोधणे हेच ज्याचे काम, त्याने पत्ता नव्हता म्हणणे हे काही खरे नाही. लाज वाटली, एवढेच.

या मधल्या वर्षांत मी इतरांच्या प्रश्नांची उत्तरे देत होतो. त्याबद्दल थोडे सांगतो, कारण तुमच्या नातवंडांना उपयोग होईल.

माणूस संदर्भ विभागात येतो तेव्हा त्याला जे हवे असते ते तो विचारत नाही. ‘जुनी पुस्तकं कुठे आहेत?’ असे विचारतो. त्याला बसवून, पाणी देऊन, प्रश्न नेमका कशाचा आहे ते काढून घ्यावे लागते. शब्दाचा आहे, माणसाचा आहे, पुस्तकाचा आहे, की एखाद्या ओळीचा? शब्दाचा असेल तर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. वाक्प्रचार किंवा म्हण असेल तर त्यांचाच वाक्संप्रदाय कोश. शब्द जुना असेल तर मोल्सवर्थ. १८५७ ची त्याची दुसरी आवृत्ती आजही टेबलावर लागते. आपल्या आजीच्या तोंडचे जे शब्द आपल्याला अशुद्ध वाटायचे ते त्यात सन्मानाने बसलेले दिसतात. बखरी-पत्रांतला शब्द असेल तर य. न. केळकरांचा ऐतिहासिक शब्दकोश. एक एम.ए.ची विद्यार्थिनी ‘जासूद’ म्हणजे हेर धरून अख्खे प्रकरण लिहून आली होती. पेशवाईतला जासूद बहुतेक वेळा पत्रे घेऊन पळणारा माणूस असतो. तिच्या प्रकरणातले निम्मे हेर टपाल खात्यात गेले. रडली बिचारी, पण प्रबंध वाचला.

माणसाचा प्रश्न असेल तर सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचे प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन चरित्रकोश. एका माणसाने तीन काळ अंगावर घेतले! पुस्तकाचा प्रश्न असेल तर शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची. १८०० ते १९३७ या काळातल्या छापील मराठी पुस्तकांची विषयवार नोंद, १९४३ साली प्रसिद्ध झालेली, आणि पुढच्या खंडात १९५० पर्यंतची. तिच्यात लागत नाही ते पुस्तक निघालेच नसावे असे आम्ही आपसांत म्हणायचो. क्वचित निघालेलेही असायचे. केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड मी जितके वापरले त्याहून जास्त पुसले. पण जेव्हा वापरले तेव्हा त्यांची मते वाचून करमणूक झाली. कोशकाराला मते असावीत की नाही हा वाद मी इथे काढत नाही.

सगळ्यात वाईट प्रश्न ओळीचा. कुणाला एक ओळ आठवते, तीही मधली. पुस्तकांना पहिल्या ओळींची सूची असते, मधल्या ओळींची नसते. तुकारामांच्या गाथ्याला अभंगांची सूची आहे म्हणून साडेचार हजारांवर अभंगांतून वाट निघते. आधुनिक कवितेला ती सोय थोडी.

आणि दोन कोशांत दोन उत्तरे निघाली की नवा माणूस घाबरतो. केशवसुतांची जन्मतारीख घ्या. १५ मार्च १८६६ अशीही छापलेली सापडते आणि ७ ऑक्टोबर १८६६ अशीही. जन्मगाव कुठे मालगुंड, कुठे वळणे. अशा वेळी विद्यार्थी विचारतो, ‘सर, परीक्षेत काय लिहू?’ मी म्हणायचो, परीक्षेत पाठ्यपुस्तकातले लिही, वहीत दोन्ही लिही.

असो. २०१९ मध्ये आपला गट निघाला. त्यात तिचा नंबर दिसला. दोन दिवस मी नुसता तो नंबर बघत होतो. तिसऱ्या दिवशी लिहिले, ‘अज्ञातवासी हे नाव आहे. तुझी आई बरोबर होती. मी चुकलो होतो. पुरावा सोबत जोडला आहे.’ खाली कार्डाचा फोटो. आमचा कार्डांचा खण आता अडगळीत गेला आहे, पण ते एक कार्ड मी निवृत्त होताना मागून घेतले होते.

रात्री उशिरा उत्तर आले. ‘मला माहीत होतं. पुरावा नव्हता.’

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. काकू स्वतः बोलल्या. तेव्हा शहाऐंशी वर्षांच्या होत्या. मी क्षमा मागायला तोंड उघडले, तर म्हणाल्या, ‘ते राहू दे रे. तू आता तिथला आहेस ना, मग पुढची दोन कडवी शोध. पाच होती. मला तीनच राहिलीत.’

निवृत्त माणसाला यापेक्षा चांगले काम कोण देणार? कवी दहा सेकंदांत सापडला होता, कविता शोधायला तीन वर्षे लागली. ग्रंथसूचीवरून त्यांच्या पुस्तकाची नोंद काढली. एका ग्रंथालयात प्रत मिळाली, तिची मधली पाने गहाळ. दुसऱ्या गावी दुसरी प्रत, पूर्ण, पण कविता तिच्यात नाही. म्हणजे मासिकात छापून आली असणार आणि संग्रहात घेतली नसणार. मग मासिके. जुन्या मासिकांच्या वर्षाअखेरीच्या अंकात अनुक्रमणिका असते, तिच्यात ‘कविता’ असा वेगळा विभाग असतो, त्यावर बोट ठेवून उतरत जायचे. पण बांधणाऱ्याने बांधताना मुखपृष्ठे आणि अनुक्रमणिका रद्दी समजून काढून टाकलेल्या असतात. असे किती खंड मी पाहिले ते सांगत नाही, आता त्या बांधणाऱ्यांना शिव्या देऊन उपयोग नाही. मग पान पान उलटायचे. मध्ये करोनाची दोन वर्षे गेली, ग्रंथालये बंद. मला रात्री भीती वाटायची ती स्वतःची नव्हे. काकूंचे वय मी मनात मोजत असायचो. दर दिवाळीला त्यांचा फोन यायचा, ‘सापडली का रे?’

१९३० च्या आसपासच्या एका मासिकात, उजव्या पानावर, एका कथेच्या शेवटी उरलेल्या जागेत ती सापडली. पाच कडवी. खाली नाव, अज्ञातवासी. मी फोटो काढला नाही, आधी वहीत हाताने उतरवली. का ते ठाऊक नाही.

संध्याकाळी फोन लावला, तिने तो काकूंच्या कानाशी धरला आणि मी वाचली. पहिली तीन कडवी काकू माझ्याबरोबर म्हणत होत्या, माझ्यापुढेच जात होत्या. चौथ्याला थांबल्या. पाचवे झाल्यावर बराच वेळ काही आवाज आला नाही. मला वाटले फोन कटला.

मग म्हणाल्या, ‘तिसऱ्या कडव्यातला तो शब्द चुकला तुझा.’

मी म्हणालो, ‘काकू, छापलेलं तसंच आहे.’

‘छापणाराने चूक केली असेल. आमच्या मास्तरांनी दुसरा शिकवला होता. माझ्या वहीत बघ.’

वही पाहिली. तिच्यात दुसराच शब्द आहे आणि, खरे सांगतो, तोच जास्त चांगला बसतो. आता हा बदल मास्तरांनी केला, की कवीने पुढे कुठे छापताना स्वतः केला, की सातवीतल्या एका मुलीच्या कानाने केला? या वेळी मी लाल पेन काढलेले नाही. ही कविता आणखी एका जुन्या वाचनपुस्तकात असण्याचा संभव आहे. ते पुस्तक कोल्हापूरकडच्या एका ग्रंथालयात नोंदलेले आहे, पण बांधणीला गेले आहे. फेब्रुवारीत येईल म्हणतात. मी जाणार आहे. काकू आता ब्याण्णव वर्षांच्या आहेत आणि त्यांनी मला तारीख विचारून ठेवली आहे.

कविता मी इथे वाचून दाखवणार नाही. १९७४ साली ती ज्या भिंतीवर लागली होती ती भिंत अजून आहे, रंग बदललाय. तिने ती आज पुन्हा लिहून आणली आहे, पाचही कडवी, वहीतल्या शब्दासकट, आणि खाली कवीचे नाव. चहा झाला की आपण सगळे बाहेर जाऊ, ती लावेल आणि तीच वाचेल. टाचण्या मी आणल्या आहेत.